पराभव ठाऊक असतानाचे धैर्य

व्हायकिंग म्हटले की लुटारू दर्यावर्दी आणि शिंगांचे शिरस्त्राण डोळ्यांपुढे उभे राहते. त्यांच्या दंतकथा व सागांमधील धैर्य मात्र या प्रतिमेपेक्षा बरेच निराळे आहे. त्यात हरणारे देव आहेत, अंधाराला भिणारा वीर आहे आणि सूड अर्ध्यावर सोडून देणारे योद्धेही आहेत.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगत लिंडिसफार्न नावाचे लहानसे बेट आहे. इ. स. ७९३ मध्ये तेथील ख्रिस्ती मठावर उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या हल्लेखोरांनी छापा घातला. मठाची लूट झाली, काही साधू मारले गेले, काहींना पकडून नेण्यात आले. इतिहासकार सर्वसाधारणपणे या घटनेपासून व्हायकिंग युगाचा आरंभ मानतात आणि १०६६ मध्ये स्टॅम्फर्ड ब्रिज येथील लढाईत नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडा मारला गेला, तेथे त्याचा शेवट धरतात. या पावणेतीनशे वर्षांत नॉर्वे, डेन्मार्क व स्वीडनमधून निघालेली माणसे पश्चिमेस उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणि पूर्वेस कॉन्स्टँटिनोपल व कास्पियन समुद्रापर्यंत पोहोचली.

या लोकांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. लूट आणि खंडणी ही त्यांची उपजीविकेची साधने होती. गुलामांचा व्यापार हा त्यांच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार होता आणि डब्लिन हे त्या व्यापाराचे एक प्रमुख केंद्र होते. दुसऱ्या बाजूने त्यांच्याविषयीच्या अनेक लोकप्रिय कल्पनाही खऱ्या नाहीत. त्यांच्यातील बहुसंख्य लोक शेतकरी, मच्छीमार आणि कारागीर होते. शिंगांची शिरस्त्राणे तर १९ व्या शतकाची देणगी आहे. १८७६ मध्ये जर्मनीतील बायरॉइथ येथे रिचर्ड वाग्नरच्या संगीतनाट्यमालेचा प्रयोग झाला, तेव्हाच्या वेशभूषेमुळे ती जगभर रूढ झाली. नॉर्वेत येर्मुंडबू येथे १९४३ मध्ये व्हायकिंग काळातील शिरस्त्राणाचे अवशेष सापडले. त्याला शिंगे नाहीत.

मग या लोकांच्या दंतकथांकडून धैर्याविषयी काही शिकण्यासारखे आहे का? आहे, मात्र त्यासाठी तलवारींच्या खणखणाटापलीकडे जाऊन मूळ कथा वाचाव्या लागतात.

कथा कोठून आल्या?

व्हायकिंगांनी स्वतः फारसे लिहून ठेवले नाही. दगडांवर, लाकडावर कोरलेले रून लिपीतील छोटे लेख सोडले तर त्यांच्या कथा तोंडी परंपरेने चालत आल्या. त्या लिहून काढल्या गेल्या त्या मुख्यतः १३ व्या शतकात आणि तेही आइसलँडमध्ये. तोपर्यंत आइसलँड ख्रिस्ती होऊन दोन शतके लोटली होती. म्हणजे जुन्या देवांच्या कथा ज्यांनी लिहिल्या, त्यांचा त्या देवांवर विश्वास उरलेला नव्हता. तरीही वाडवडिलांच्या कथा विसरल्या जाऊ नयेत, हे त्यांना महत्त्वाचे वाटले.

देवदेवतांच्या आणि प्राचीन वीरांच्या कविता ‘कोडेक्स रेगिउस’ या हस्तलिखितात आहेत. सुमारे १२७० च्या दशकातील या हस्तलिखिताची आज ४५ पाने शिल्लक आहेत. १६४३ मध्ये ते आइसलँडमधील एका बिशपच्या हाती आले, पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेले आणि १९७१ च्या एप्रिल महिन्यात डेन्मार्कने ते आइसलँडला परत केले. ते घेऊन आलेल्या जहाजाच्या स्वागतासाठी रेक्याविक बंदरावर मोठा जनसमुदाय लोटला होता. एका छोट्या राष्ट्राच्या लेखी या कथांचे मोल काय आहे, हे त्यावरून कळते.

दुसरा मोठा आधार म्हणजे स्नोरी स्टुर्लुसन (११७९-१२४१) या कवी, इतिहासकार आणि राजकारणी गृहस्थाने सुमारे १२२० मध्ये लिहिलेला ‘एडा’ हा गद्यग्रंथ. याखेरीज ‘सागा’ या नावाने ओळखली जाणारी गद्य आख्याने आहेत. त्यांतील पात्रे बहुधा आइसलँडमध्ये वस्ती केलेल्या शेतकरी घराण्यांतील आहेत. सागांमध्ये इतिहास किती आणि कल्पना किती, यावर अभ्यासकांत आजही वाद आहेत. पण त्या समाजाला कोणते वर्तन धैर्याचे वाटत होते, हे त्यांतून स्पष्ट दिसते.

टीरचा उजवा हात

स्नोरीने सांगितलेली एक कथा फेनरिर लांडग्याची आहे. फेनरिर हा लोकीचा पुत्र. देवांनी त्याला आपल्या घरी वाढवले. पण तो इतका भयंकर होत गेला की त्याला खाऊ घालायला जाण्याचे धाडस एकट्या टीर या देवाने केले. हा लांडगा पुढे आपला नाश करणार, असे भविष्य देवांना ठाऊक होते. त्यांनी त्याला साखळदंडांनी बांधून पाहिले. दोन साखळ्या त्याने सहज तोडल्या. मग बुटक्यांकडून ‘ग्लेइपनिर’ नावाचा बंध बनवून घेण्यात आला. मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, पर्वताची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी अशा सहा वस्तूंपासून तो तयार झाला होता. दिसायला तो रेशमी फितीसारखा मऊ होता.

लांडग्याला संशय आला. हा बंध मी बांधून घेईन, पण तुमच्यापैकी कुणीतरी विश्वासाचे तारण म्हणून माझ्या जबड्यात हात ठेवला पाहिजे, अशी अट त्याने घातली. देव एकमेकांकडे पाहू लागले. अखेर टीर पुढे झाला आणि त्याने आपला उजवा हात लांडग्याच्या तोंडात दिला. बंध तुटला नाही. सगळे देव हसले, फक्त टीर हसला नाही. त्याचा हात गेला होता.

ही कथा साधी नाही. देव येथे लांडग्याला फसवत आहेत आणि टीरला ते माहीत आहे. त्याचे मोठेपण लढाईत नाही. सगळ्यांच्या सुरक्षिततेची किंमत कुणीतरी चुकती करणे भाग होते आणि ती त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. शब्द दिला, तो खोटा ठरला, तेव्हा त्याचा दंडही त्यानेच भरला. हात गमावलेला हा देव इंग्रजीतील मंगळवाराच्या नावात आजही जिवंत आहे. ‘ट्यूसडे’ हा शब्द टीरच्याच जुन्या इंग्रजी रूपावरून आलेला आहे.

शेवट माहीत असलेले देव

जगातील बहुतेक पुराणकथांमध्ये देव अखेर जिंकतात. नॉर्स कथांमध्ये ते हरतात आणि आपण हरणार हे त्यांना आधीपासून माहीत असते. देवांचा प्रमुख ओडिन याने ज्ञानासाठी मीमिरच्या विहिरीला आपला एक डोळा अर्पण केला. जग कसे संपणार, हे त्याने एका भविष्यवेत्त्या स्त्रीला विचारून जाणून घेतले. रॅग्नारॉक या अंतिम संग्रामात फेनरिर आपले बंध तोडील आणि ओडिनला गिळील. थॉर महासर्पाला ठार करील, पण त्याच्या विषाने नऊ पावले चालून स्वतःही कोसळेल. टीर आणि गार्म नावाचा कुत्रा एकमेकांचा बळी घेतील.

हे सारे ठाऊक असूनही ओडिन तयारी थांबवत नाही. रणात पडलेल्या वीरांना तो वाल्हाल्ला या आपल्या प्रासादात जमवतो. हे वीर रोज लढतात, सायंकाळी पुन्हा उठून एकत्र भोजनाला बसतात. वाल्हाल्ला म्हणजे योद्ध्यांचा स्वर्ग असे सरसकट सांगितले जाते. वस्तुतः ती हरणाऱ्या लढाईसाठी उभारलेली छावणी आहे.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक आणि ऑक्सफर्डमधील प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३६ मध्ये ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यावर एक गाजलेले व्याख्यान दिले. उत्तरेकडील पुराणकथांच्या या वैशिष्ट्याकडे त्यांनी त्यात लक्ष वेधले. या कथांमधील देव हरतात, पण हरणे म्हणजे आपली बाजू चुकीची होती असा त्याचा अर्थ ते लावत नाहीत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. कृतीचे मोल तिच्या फळावर ठरत नाही, हा विचार मराठी वाचकाला अपरिचित नाही. मात्र या कथांत फळाची आशा सोडा असा उपदेश कुणी करत नाही. फळ मिळणारच नाही, एवढेच येथे गृहीत आहे.

रॅग्नारॉकनंतर सारे संपते असेही नाही. समुद्रातून हिरवीगार पृथ्वी पुन्हा वर येते, बाल्डर परततो, लपून वाचलेले एक मानवी जोडपे नवी पिढी सुरू करते. लढलेल्यांना मात्र हे पाहायला मिळत नाही.

म्हातारीशी कुस्ती

थॉर हा बळाचा देव. त्याची सर्वांत मजेदार कथा त्याच्या फजितीची आहे. उत्गार्ड-लोकी नावाच्या राक्षसाच्या दरबारात त्याला तीन साध्या कसोट्या देण्यात आल्या. मद्याचे शिंग एका दमात रिकामे करायचे. तीन घोट घेऊनही ते रिते झाले नाही. राखाडी मांजर उचलायचे. एक पंजा तेवढा जमिनीवरून उचलला गेला. शेवटी एका म्हातारीशी कुस्ती. थॉर एका गुडघ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी निरोप देताना राक्षसाने खरे सांगितले. शिंगाचे टोक समुद्रात बुडालेले होते. मांजर म्हणजे पृथ्वीला विळखा घालून बसलेला महासर्प होता. आणि ती म्हातारी म्हणजे साक्षात वार्धक्य. तिच्यापुढे कुणाचाच टिकाव लागत नाही. थॉरचे प्रयत्न पाहून सारा दरबार मनातून घाबरला होता. जो स्वतःला हरलेला समजत होता, त्याने समुद्राची पातळी खाली आणली होती. आपण कशाशी झुंजत आहोत, हे झुंजताना नेहमी कळतेच असे नाही. आपले मोजमापही त्या क्षणी आपल्याला करता येत नाही.

थरथरणारे काळीज

‘कोडेक्स रेगिउस’मध्ये एकाच घटनेवरील दोन कविता आहेत आणि त्या एकापुढे एक ठेवून वाचाव्यात अशा आहेत. गुन्नार आणि होग्नी या भावांना अटली राजाने पकडले आहे. त्याला त्यांचे दडवलेले सोने हवे आहे. होग्नीचे काळीज मला दाखवा, मग सांगतो, असे गुन्नार म्हणतो. राजाची माणसे ह्याल्ली नावाच्या नोकराचे काळीज थाळीत घालून आणतात. ते थरथरते आहे, यावरून ते भावाचे नाही हे गुन्नार ओळखतो. मग होग्नीची छाती कापली जाते, तेव्हा तो हसतो आणि त्याचे काळीज थाळीतही स्थिर राहते. आता सोन्याची जागा फक्त मला माहीत आहे, असे सांगून गुन्नार मरणाला सामोरा जातो.

ही जुनी कविता ‘आटलाक्विदा’. तिच्यात नोकराच्या भीतीची चेष्टा आहे. त्या बिचाऱ्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, याचा विचारही नाही. त्याच हस्तलिखितातील ‘आटलामाल’ या नंतरच्या कवितेत मात्र तो नोकर भीतीने आकांत करू लागतो, तेव्हा होग्नी स्वतः मध्ये पडतो. याला सोडा, तुमचा खेळ माझ्याशी खेळा, असे तो सांगतो. मरताना हसणारा वीर दोन्हीकडे आहे. दुसऱ्या कवीला मात्र तेवढ्याने पुरेसे वाटले नाही. घाबरलेल्या दुबळ्या माणसाला वाचवल्याशिवाय ते हसणे पुरे होत नाही, असे त्याला वाटले असावे.

अंधाराला भिणारा वीर

सागांमधील सर्वांत बलवान माणूस म्हणून ग्रेटिर आस्मुंदारसनचे नाव घेतले जाते. ‘ग्रेटिर सागा’ १४ व्या शतकाच्या प्रारंभी लिहिली गेली असे मानतात. एका शेतावर ग्लाम नावाच्या मेलेल्या गुराख्याचे भूत धुमाकूळ घालत होते. ग्रेटिरने त्याच्याशी रात्री झुंज देऊन त्याला संपवले. पण मरण्याआधी भुताने चांदण्यात त्याच्याकडे रोखून पाहिले आणि शाप दिला, की माझे हे डोळे तुला कायम दिसत राहतील आणि एकटे राहणे तुला जड जाईल.

त्या रात्रीनंतर हा महाबली अंधाराला भिऊ लागला. पुढे त्याला समाजाबाहेर काढण्याची शिक्षा झाली. अशा माणसाला कुणीही ठार मारू शकत असे. या अवस्थेत त्याने १९ वर्षे काढली. लपण्यासाठी एकांत हवा आणि एकांतात तर भीती वाटणार, असा हा पेच होता. कुणी सोबतीला आला तर तो विश्वासघात करील, हे माहीत असूनही तो सोबत नाकारू शकत नसे. शेवटी १५ वर्षांचा धाकटा भाऊ इल्लुगी त्याच्याबरोबर द्रांगे या कड्यांनी वेढलेल्या बेटावर राहायला गेला. शत्रूंनी जखमी ग्रेटिरला गाठले, तेव्हा इल्लुगीने त्याच्यावर ढाल धरली. सूड घेणार नाही अशी शपथ घेतलीस तर सोडतो, असे इल्लुगीला सांगण्यात आले. त्याने ती घेतली नाही आणि मरण पत्करले.

सागाकाराने ग्रेटिरची भीती लपवलेली नाही आणि तिच्यामुळे त्याला कमीही लेखलेले नाही. धीट माणसाला भीती नसते, हा समज ही कथा खोटा ठरवते. त्याच्या भीतीवर उपाय निघाला तोही तलवारीने नव्हे; बरोबर राहायला आलेल्या धाकट्या भावाने तो केला.

जगण्याचे धैर्य

एगिल स्काल्लाग्रिमसन हा १० व्या शतकातील योद्धा व कवी. स्वभावाने रागीट, लोभी, क्रूर. त्याचा लाडका मुलगा बोदवार समुद्रात बुडून मेला. शत्रू असता तर सूड घेतला असता. समुद्रावर सूड कसा घ्यायचा? एगिलने स्वतःला शेजघरात कोंडून घेतले आणि अन्नपाणी सोडले.

तिसऱ्या दिवशी पत्नीने सासरी असलेल्या थोरगेर्ड या मुलीला बोलावून घेतले. मलाही तुमच्याबरोबर मरायचे आहे, असे सांगून तिने बापाकडून दार उघडून घेतले. काही वेळाने ती समुद्रशेवाळ चघळू लागली. याने मरण लवकर येते, असे तिने सांगितले. बापानेही ते खाल्ले. त्या खारटपणाने तहान लागली, पाणी मागवले, तर शिंगात दूध आले होते. आता आपण फसलो, असे म्हणून मुलीने पुढचे पाऊल टाकले. बोदवारवर तुमच्याइतके चांगले काव्य कोण रचणार? ते पुरे होईपर्यंत जगू या, मी ते लाकडावर कोरून ठेवते, असे ती म्हणाली. रचता रचता एगिलला बळ येत गेले. ते पूर्ण झाले तेव्हा तो उठून आपल्या उच्चासनावर जाऊन बसला. ‘सोनातोर्रेक’ हे ते शोककाव्य जुन्या नॉर्स साहित्यातील श्रेष्ठ रचनांपैकी एक समजले जाते.

हावामाल या उपदेशपर काव्याचा सूरही असाच व्यावहारिक आहे. कीर्ती मागे उरते, असे ते सांगते. पण शरीराने अधू असलेल्यालाही जिवंतपणी करण्यासारखे काम असते आणि प्रेत मात्र कुणाच्या उपयोगी पडत नाही, असेही बजावते. मरणाला न भिणे ही एक गोष्ट आणि मरणाची हौस ही दुसरी. या कथा त्या दोहोंत गल्लत करत नाहीत.

दोन औद

धैर्यकथांमध्ये स्त्रिया केवळ पुरुषांना चेतवणाऱ्या म्हणून येत नाहीत. ९ व्या शतकाच्या उत्तरार्धातील औद, जिला ‘खोल मनाची’ असे उपनाम होते, ही ऐतिहासिक व्यक्ती मानली जाते. पती आणि पुत्र दोघेही युद्धांत गेल्यावर स्कॉटलंडमध्ये तिच्या घराण्याला आधार उरला नाही. तिने रानात गुपचूप जहाज बांधवून घेतले, नातवंडे व सोबती घेऊन ऑर्कनी आणि फॅरो बेटांवरून ती आइसलँडला पोहोचली. तेथे तिने विस्तीर्ण जमीन ताब्यात घेतली आणि ती आपल्या माणसांत वाटली. काही गुलामांना स्वातंत्र्य देऊन त्यांनाही जमिनी दिल्या.

दुसरी औद ‘गिस्ली सागा’मधली. तिचा पती गिस्ली हद्दपार होऊन लपला आहे. एयोल्फ नावाचा माणूस त्याचा ठावठिकाणा सांगण्यासाठी तिच्यापुढे चांदी मोजून ठेवतो. ती चांदी पिशवीत भरते आणि पिशवी त्याच्या नाकावर फेकून मारते. बाईकडून मार खाल्लास हे जन्मभर लक्षात ठेव, असे ती सुनावते. हातात शस्त्र घेण्याची तिला गरज पडली नाही.

सूड थांबवण्याचे धैर्य

सागांमध्ये सर्वश्रेष्ठ गणली जाते ती ‘न्याल सागा’. सुमारे १२८० मध्ये लिहिलेली ही कथा सूडाच्या चक्राची आहे. न्याल हा कायद्याचा जाणकार, शांतताप्रिय शेतकरी. त्याच्या मुलांनी आणि कारी या जावयाने चहाडीला बळी पडून होस्कुल्ड या निरपराध तरुणाला ठार केले. होस्कुल्ड हा न्यालनेच वाढवलेला मुलगा होता. होस्कुल्डची विधवा हिल्डिगुन्न हिने आपला चुलता फ्लोसी याच्या अंगावर पतीचा रक्ताळलेला झगा टाकला आणि सूडाची मागणी केली. तडजोडीचा प्रयत्न फसला. फ्लोसीच्या माणसांनी न्यालच्या घराला वेढा घालून आग लावली.

स्त्रिया, मुले आणि नोकरांना बाहेर पडू देण्यात आले. न्यालने नकार दिला: मी म्हातारा, मुलांचा सूड घेऊ शकणार नाही आणि लाजेने जगणार नाही. पत्नी बेर्गथोरा हिने तरुणपणी दिलेल्या शब्दाला जागून पतीसोबतच राहायचे ठरवले. कारीचा लहान मुलगा थोर्द आजीआजोबांना सोडून जायला तयार झाला नाही. तिघे एका बैलाच्या कातड्याखाली निजले. कारी तेवढा निसटला.

बहुतेक वीरकथा येथे शिखर गाठतात. ही मात्र येथून पुढे खूप चालते. राष्ट्रीय सभेत, म्हणजे ९३० मध्ये स्थापन झालेल्या आल्थिंगमध्ये, खटला उभा राहिला. तो तांत्रिक मुद्द्यांवर कोसळला आणि सभास्थानीच लढाई जुंपली. त्यात हाल नावाच्या मान्यवराचा मुलगा मारला गेला. प्रचलित कायद्याप्रमाणे हालला भरपाई मागता आली असती, सूडही घेता आला असता. तो सभेपुढे उभा राहिला आणि म्हणाला, की माझ्या मुलाची भरपाई मी मागत नाही, समेट करा. उपस्थितांनी स्वतःहून वर्गणी काढून त्याला नेहमीच्या चौपट भरपाई दिली.

कारी मात्र समेटात सामील झाला नाही. घर जाळणाऱ्यांना त्याने आइसलँडपासून ऑर्कनी आणि वेल्सपर्यंत गाठून मारले. पुढे फ्लोसी आणि कारी दोघेही वेगवेगळे रोमच्या यात्रेला जाऊन आले. परत येताना हिमवादळात कारीचे जहाज आइसलँडच्या किनाऱ्यावर फुटले. जवळचे घर फ्लोसीचे होते. आपण त्याच्या औदार्याची परीक्षा घेऊ, असे म्हणून कारी शत्रूच्या दारात गेला. फ्लोसीने त्याला पाहताच ओळखले, उठून मिठी मारली आणि आपल्या शेजारी बसवले. पुढे कारीचे लग्न हिल्डिगुन्नशी झाले. ज्या स्त्रीने झगा टाकून आग पेटवली होती, तिच्याशी ज्याचा मुलगा त्या आगीत गेला त्या माणसाचे लग्न होऊन सागा संपते.

दोघांनीही मरणाला न घाबरता अनेक लढाया केल्या होत्या. पण शत्रूच्या दारात नि:शस्त्र मनाने उभे राहणे आणि दारात आलेल्या शत्रूला घरात घेणे यासाठी त्याहून मोठी छाती लागते, असेच सागाकाराला सांगायचे आहे.

पांघरुणाखालचा निर्णय

हीच वृत्ती आइसलँडच्या इतिहासातील एका प्रसंगात दिसते. इ. स. १००० च्या सुमारास जुन्या धर्माचे अनुयायी आणि नवे ख्रिस्ती एकमेकांचा कायदा मानीनासे झाले होते. यादवी तोंडावर होती. निर्णय थोरगेइर या कायदेवाचकावर सोपवण्यात आला. तो स्वतः जुन्या धर्माचा होता. आरी थोरगिल्ससन या १२ व्या शतकातील इतिहासकाराच्या नोंदीनुसार तो पांघरूण ओढून एक दिवस आणि एक रात्र कुणाशीही न बोलता पडून राहिला. मग त्याने सभेला सांगितले, की कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. सर्वांनी ख्रिस्ती व्हावे. जुन्या रीतींपैकी काहींना, उदाहरणार्थ घोड्याचे मांस खाण्यास आणि गुप्तपणे केलेल्या पूजेस, त्याने काही काळ सवलत ठेवली. आपल्याच बाजूविरुद्ध त्याने निकाल दिला आणि रक्तपात टळला. धर्मांतराच्या या निर्णयामागे नॉर्वेच्या राजाचा दबावही होता, हे विसरता येत नाही. तरीही आपल्या माणसांना अप्रिय वाटणारी गोष्ट त्यांच्यासमोर उभे राहून सांगण्याचे काम अखेर एका माणसाला करावे लागले.

धडे घेताना सावधान

या कथांचा गैरवापरही झाला आहे. नाझी जर्मनीने रून लिपीतील चिन्हे आपल्या एस. एस. दलाच्या गणवेशावर चढवली, एका तुकडीला ‘व्हिकिंग’ हे नाव दिले आणि उत्तरेकडील वीरवृत्ती म्हणजे वंशश्रेष्ठत्व असा अर्थ लावला. उत्तरेच्या ज्या वृत्तीवर आपण प्रेम केले, ती हिटलरने नासवली याचा राग टॉल्किन यांनी १९४१ मध्ये आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केला होता. आजही वांशिक द्वेष पसरवणारे काही गट ही चिन्हे मिरवतात. टीरने हात कशासाठी गमावला आणि हालने काय सोडून दिले, हे त्यांनी वाचलेले नसावे.

ज्याने यांतील कित्येक कथा जतन केल्या, त्या स्नोरीचा शेवटही येथे आठवावा. नॉर्वेच्या राजाच्या सांगण्यावरून शत्रूंनी सप्टेंबर १२४१ मध्ये रेक्होल्ट येथील त्याच्या घरावर चाल केली. साठीतला हा लेखक तळघरात लपला होता. मारू नका, एवढेच तो म्हणाला अशी परंपरागत नोंद आहे. होग्नीप्रमाणे तो हसला नाही. म्हणून त्याच्या लेखनाचे मोल कमी होत नाही. कथेतील वीर आणि ती लिहिणारा माणूस यांच्यात अंतर असायचेच. वाचणारा आणि वीर यांच्यातही ते असते.

आपल्यापैकी कुणाला लांडग्याच्या जबड्यात हात घालावा लागणार नाही. पण दुसऱ्यांच्या सुरक्षिततेची किंमत स्वतः भरण्याची वेळ येते, बरे न होणाऱ्या आजारात रुग्णाची सेवा करावी लागते, मुलाच्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी उठावे लागते, वर्षानुवर्षांचे वैर मिटवायला पहिले पाऊल टाकावे लागते. निकाल आपल्या बाजूने लागणार नाही हे अशा वेळी बहुधा आधीच दिसत असते. आठशे वर्षांपूर्वी आइसलँडच्या लांब हिवाळ्यात या कथा लिहिणाऱ्यांना ते चांगले माहीत होते. निकाल काय लागणार हे कळल्यावर माणूस पुढे काय करतो, हे त्यांनी मन लावून लिहून ठेवले आहे.